विधी नियतकालिकाचं विद्यार्थी संपादक मंडळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुलैत नवीन वर्ग सुरू झाले की कँटीनमध्ये, बस स्टँडवर, लायब्ररीच्या जिन्यात तेच ते प्रश्न विचारले जातात. आमचं कायद्याचं कॉलेज रत्नागिरी जिल्ह्यातलं, मुंबई विद्यापीठाशी संलग्न. कॉलेजचं कायद्यावरचं नियतकालिक विद्यार्थ्यांचं संपादक मंडळ काढतं, त्याबद्दलचे हे प्रश्न. मी तीन वर्षं या मंडळात आहे आणि हा माझा शेवटचा अंक. जाण्याआधी ही उत्तरं एकदा नीट लिहून ठेवावीत असं वाटलं.

नियतकालिक नक्की कोण चालवतं, विद्यार्थी की प्राध्यापक?

विद्यार्थी. लेख मागवणं, वाचणं, निवडणं, तपासणं, प्रूफं बघणं, छापखान्यात खेपा घालणं हे सगळं आपण करतो. मॅडम सल्लागार आहेत. आपण अडलो की त्या मार्ग दाखवतात, पण लेख घ्यायचा की नाही हे मंडळ ठरवतं.

यात नवीन काही नाही. अमेरिकेत हार्वर्डच्या विद्यार्थ्यांनी १८८७ मध्ये आपलं विधी नियतकालिक काढलं आणि आजही ते विद्यार्थीच चालवतात. तिथल्या बहुतेक विद्यापीठांत हीच रीत आहे. इंग्लंडमध्ये आणि इतर अनेक देशांत हे काम जास्त करून प्राध्यापकांकडे असतं. आपल्याकडे बंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यालयापासून विद्यार्थ्यांनी चालवलेल्या नियतकालिकांची परंपरा रुजली.

हार्वर्डच्या त्या नियतकालिकाला जेमतेम तीन-चार वर्षं झाली होती, तेव्हा डिसेंबर १८९० मध्ये वॉरन आणि ब्रँडाइस या दोन वकिलांचा खासगीपणाच्या हक्कावरचा लेख त्यात आला. पुढे जगभरची न्यायालयं त्या लेखाकडे वळत राहिली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, त्या निकालातही या लेखाची चर्चा आहे. विद्यार्थ्यांनी छापलेली ती पानं होती. मी पहिल्या वर्षाला असताना मॅडमनी हे सांगितलं आणि त्या दिवसापासून या कामाकडे ‘कॉलेजचा एक उपक्रम’ म्हणून बघणं माझ्याकडून झालं नाही.

वकिलांचा किंवा प्राध्यापकांचा लेख विद्यार्थ्यांनी नाकारणं शोभतं का?

लेख आला की पहिल्यांदा नाव काढलं जातं. वाचणाऱ्या दोघांना लेखकही माहीत नसतो आणि एकमेकांचं मतही. विषय आपल्या आवाक्याबाहेरचा असेल तर तो बाहेरच्या जाणकाराकडे जातो, तोही नावाशिवाय. म्हणजे आपण माणूस नाकारत नाही, त्या लेखात जे सिद्ध झालेलं नाही त्यावर बोट ठेवतो.

मात्र पत्र नीट लिहायचं. ‘आपला लेख स्वीकारता येत नाही’ एवढ्या एका ओळीवर कुणाची बोळवण करायची नाही. दोन वर्षांपूर्वी एका ज्येष्ठ वकिलांचा कुळकायद्यावरचा लेख आम्ही चौदा शंका लिहून परत केला. हात थरथरत होते पाठवताना. आठवड्याने ते स्वतः कॉलेजात आले, पिशवीत फेरफारांच्या, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदींच्या, नकला घेऊन. चौदातल्या अकरा शंका त्यांनी मान्य केल्या. उरलेल्या तीन आम्ही चुकीच्या काढल्या होत्या, त्या त्यांनी बाकावर बसून समजावून सांगितल्या. तो लेख त्या अंकातला सर्वांत चांगला लेख ठरला.

मंडळात येऊन करायचं काय? म्हणजे रोजचं काम काय?

मूळ उघडून बघायचं. बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

लेखात एक वाक्य असतं, त्यावर टीपेचा आकडा असतो आणि खाली तळटीप असते. तळटीप म्हणजे लेखकाने वाचकाला दिलेला शब्द : ‘हे मी मनचं सांगत नाही, इथे जाऊन बघा.’ वाचक बहुतेक वेळा जाऊन बघत नाही. तो विश्वास ठेवतो. त्याच्या वतीने जाऊन बघणारा माणूस म्हणजे संपादक. निकाल उघडायचा, परिच्छेद काढायचा, लेखकाचं वाक्य आणि निकालातलं वाक्य शेजारी ठेवायचं आणि विचारायचं : न्यायालय खरंच असं म्हणालंय का?

पहिल्या वर्षी माझ्याकडे आलेल्या एका लेखात अवतरणचिन्हात एक देखणं वाक्य होतं, ‘सर्वोच्च न्यायालय म्हणते’ या शब्दांसकट. तेच वाक्य मला आणखी दोन प्रकाशित लेखांत सापडलं, तसंच, त्याच टीपेसह. मला वाटलं झालं, तपासलं. ताई, म्हणजे तेव्हाची मुख्य संपादक, म्हणाली, ‘निकाल उघडलास का?’ उघडला. वाक्य होतं, शब्दन् शब्द होतं. पण ते न्यायमूर्तींचं नव्हतं. एका बाजूच्या वकिलांचा युक्तिवाद निकालात नोंदवला होता आणि पुढच्याच पानावर न्यायालयाने तो फेटाळला होता. तीन लेखकांनी एकमेकांचं बघून हरलेल्या पक्षाचं म्हणणं न्यायालयाच्या तोंडी घातलं होतं. त्या दिवसापासून दुसऱ्याच्या लेखातली तळटीप मी पुरावा म्हणून धरत नाही. तुम्हीही धरू नका.

दुसरी नेहमीची गफलत परिच्छेदांच्या आकड्यांची. केशवानंद भारतीचा १९७३ चा तेरा न्यायमूर्तींचा निकाल ए.आय.आर. १९७३ एस.सी. १४६१ इथेही आहे आणि (१९७३) ४ एस.सी.सी. २२५ इथेही. (ए.आय.आर. आणि एस.सी.सी. ही निकाल छापणारी दोन वेगळी प्रकाशनं.) लेखक एकाचा संदर्भ देतो आणि परिच्छेद क्रमांक दुसऱ्यातला टाकतो. वाचक तिथे गेला की भलतंच काही वाचतो. निकाल एकच असून आकडे वेगळे का, असं प्रत्येक नवा संपादक विचारतो. कारण न्यायालयाने दिलेला मजकूर सगळ्यांचा असला तरी परिच्छेद पाडणं, त्यांना क्रमांक देणं, वर सारांश लिहिणं हे काम निकाल छापणाऱ्या संस्थेच्या संपादकांनी केलेलं असतं. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक, (२००८) १ एस.सी.सी. १, या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच वेगळं करून दाखवलं : निकालाचा मूळ मजकूर कुणाच्या मालकीचा नाही, पण सारांशासारख्या आणि परिच्छेद पाडण्यासारख्या ज्या कामात कायद्याची समज आणि निवड लागते, त्यावर स्वामित्वहक्क असू शकतो. संपादकाच्या कामाचं मोल न्यायालयाने मोजलेला हा निकाल आहे. नवीन आलेल्या प्रत्येकाला मी तो आधी वाचायला देते.

२०२३ पासून सर्वोच्च न्यायालय स्वतःच निकालांना क्रमांक देऊ लागलं आहे (वर्ष, मग ‘आयएनएससी’, मग आकडा), त्यामुळे नव्या निकालांपुरती ही अडचण कमी झाली. जुन्यांची आहेच.

तळटिपा लिहायची कोणती पद्धत वापरता?

आपली सहा पानांची नियमावली आहे, तीच. अमेरिकेतल्या चार विधी नियतकालिकांचे विद्यार्थी मिळून काढतात ते ‘ब्लूबुक’ १९२६ पासून चालू आहे आणि आता चांगलंच जाडजूड झालंय. ऑक्सफर्डची पद्धत त्यापेक्षा सुटसुटीत. दोन्हींतून आपण घेतलं आहे, पण सातबारा, आठ-अ, फेरफार, ग्रामसभेचा ठराव, खोताच्या घरातली जुनी पावती यांचा संदर्भ कसा द्यायचा हे दोन्हींत सापडत नाही. ते नियम आपल्या आधीच्या मुलामुलींनी बसून ठरवले. उदाहरणार्थ, फेरफाराचा नुसता क्रमांक चालत नाही. गाव, तालुका आणि नोंद मंजूर झाल्याची तारीख लागते, कारण एकाच क्रमांकाचा फेरफार प्रत्येक गावात असतो.

तळटिपांचा कंटाळा आला की भारतरत्न पां. वा. काणे आठवावेत. चिपळूणकडचे, दापोलीच्या शाळेत शिकलेले, पेशाने वकील. धर्मशास्त्राच्या इतिहासाचे त्यांचे पाच खंड लायब्ररीत आहेत. कुठलंही पान उघडा, वर इंग्रजी विवेचन आणि खाली तळटिपेत मूळ संस्कृत वचन. ज्याला पटत नाही त्याने मूळ वाचून स्वतः ठरवावं, अशी ती मांडणी आहे.

फौजदारी कायद्यांची कलमं जुनी द्यायची की नवी?

१ जुलै २०२४ च्या आधीच्या गुन्ह्याबद्दल लिहीत असाल तर भारतीय दंड संहितेचं कलम, नंतरच्या गुन्ह्याला भारतीय न्याय संहितेचं. पहिल्या उल्लेखात दोन्ही द्या : खुनाचं ३०२ आता १०३ झालं, फसवणुकीचं ४२० आता ३१८(४). जुन्या-नव्या कलमांच्या तयार कोष्टकावर विसंबू नका. काही कलमांचे नुसते आकडे बदललेले नाहीत, शब्दही बदललेत.

एआयकडून लिहून घेतलेला लेख चालतो का?

नाही. भाषा सुधारून घेतली असेल तर तसं कळवा. संदर्भ मात्र एकही त्यातून घेऊ नका. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात माता विरुद्ध एव्हियांका या प्रकरणात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निकाल सादर केले आणि त्यांना पाच हजार डॉलरचा दंड झाला. आपल्याकडेही असे लेख येतात. पक्षकारांची नावं अगदी खरी वाटतात, वर्ष आणि पान क्रमांक असतो, आणि ते पान उघडलं की तिथे भलताच खटला निघतो. असा एक जरी संदर्भ सापडला तरी पूर्ण लेख परत जातो, दुरुस्तीची संधी न देता. या बाबतीत मंडळ कडक आहे आणि असावं.

मराठीत लेख पाठवला तर चालेल का?

चालेल, आणि मला विचाराल तर पाठवाच.

संविधानाच्या अनुच्छेद ३४८ मुळे उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाचं काम इंग्रजीत चालतं. पण दापोली, राजापूर, कणकवली, सावंतवाडीच्या कोर्टात अर्ज, जबाब, उलटतपास मराठीत होतात. शब्दांसाठी भाषा संचालनालयाचा ‘न्यायव्यवहार कोश’ आहे. मात्र कोशात आहे म्हणून प्रत्येक शब्द आणायचा नाही. कोर्टाच्या आवारात लोक ‘स्टे’ म्हणतात, ‘जामीन’ म्हणतात, ‘वहिवाट’ म्हणतात. वाचणाऱ्याला जो कळतो तो शब्द घ्या आणि लेखभर तोच ठेवा.

भाषेची चूक ही कधी कधी कायद्याचीच चूक असते. मासेमारीच्या वादांवरच्या एका इंग्रजी लेखात ‘रापण’ या शब्दाचं भाषांतर नुसतं ‘मासेमारीचं जाळं’ असं केलं होतं. तीन जणांनी ते वाचलं, कुणाला खटकलं नाही. मालवणकडची एक मुलगी तेव्हा नुकतीच मंडळात आली होती, तिच्या घरी रापण आहे. ती म्हणाली, ‘जाळं एकट्याचं असतं, रापण एकट्याची नसते.’ किनाऱ्यावरून दोन्ही टोकांनी ओढायचं ते लांबलचक जाळं, त्याला लागणारी पुष्कळ माणसं आणि मिळालेल्या मासळीत प्रत्येकाची ठरलेली वाटणी, हे सगळं मिळून रापण. लेखकाचा सगळा मुद्दा सामूहिक हक्काचा होता आणि भाषांतरात नेमका तोच हरवला होता. शब्द तसाच ठेवून खाली आठ ओळींची टीप दिली. ती टीप तिने लिहिली.

विषय कोणते घेता?

घटनात्मक, फौजदारी, करविषयक, काहीही. पण संविधानाच्या मूलभूत संरचनेवर दर महिन्याला देशभर पुष्कळ छापून येतं. आपल्या दारातल्या कायद्यावर फार थोडं येतं आणि ते लिहायला आपल्याइतकी सोयीची जागा कुणाकडे नाही.

खोतीचंच घ्या, म्हणजे कोकणातल्या खोतांच्या सारावसुलीच्या वतनाचं. खोती नष्ट करण्याचं विधेयक डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात मांडलं आणि कायदा व्हायला १९४९ उजाडलं. त्या कायद्यानंतर आपल्या गावात कुठली जमीन कुणाच्या नावावर गेली, हे तालुक्याच्या रेकॉर्ड रूममध्ये पडून आहे. आंबोली, गेळे, चौकुळची कबुलायतदार गावकर जमीन, म्हणजे गावकऱ्यांची सामाईक जमीन. हापूसला २०१८ मध्ये पाच जिल्ह्यांसाठी मिळालेलं भौगोलिक मानांकन आणि बाजारात परराज्यांतल्या आंब्यावर लागणारं ‘देवगड’चं लेबल. सड्यावरची, म्हणजे कातळाच्या पठारावरची, कातळशिल्पं, जी २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत आणि ज्यांतली कितीतरी खासगी सातबाऱ्यावर आहेत. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा. त्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन निवाड्याचा अधिकार तहसीलदाराकडून मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्याकडे गेला, त्याने काय फरक पडला? जेटीवर जाऊन विचारा, कागद मागा, लिहा.

आणि आता १८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी, सिंधुदुर्गाची प्रकरणं मुंबईऐवजी उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे जातात. पक्षकाराला घाट चढून जाणं सोपं झालं की अवघड, पावसाळ्यात काय होतं, वकिलांची फी बदलली का, यावर पहिला अभ्यासपूर्ण लेख आपल्याकडे यावा ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

निकालावर टीका केली तर कोर्टाचा अवमान होतो का?

अंतिम निकाल लागलेल्या प्रकरणाच्या गुणदोषांवर रास्त टीका म्हणजे अवमान नव्हे. न्यायालय अवमान अधिनियम १९७१ चं कलम ५ तेच सांगतं. निकालातल्या तर्कावर लिहा, न्यायमूर्तींच्या हेतूवर जाऊ नका. प्रकरण चालू असेल तर लेख मॅडमना दाखवल्याशिवाय पुढे जात नाही.

याहून जास्त जपायची गोष्ट वेगळीच आहे. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख छापणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. नाव काढलं म्हणजे काम झालं असं नाही. आपल्याकडे वाडी आणि वडिलांचा धंदा एवढं लिहिलं तरी पंचक्रोशीला माणूस कळतो. अशा लेखात गाव, वाडी, नातं, शाळा सगळं गाळतो, लेखकाने कितीही आग्रह धरला तरी.

लेख छापायला पैसे लागतात का?

लागत नाहीत. कुणीही मागितले तर मंडळाला कळवा.

व्हॉट्सॲपवर ‘आठ दिवसांत प्रकाशन, सर्टिफिकेटसह’ असे मेसेज फिरतात त्यांना भुलू नका. ‘आयएसएसएन आहे’ हे तिथे मोठं करून लिहिलेलं असतं. तो नियतकालिक ओळखण्याचा आठ अंकी क्रमांक आहे, भारतात फुकट मिळतो, दर्जाशी त्याचा संबंध नाही. यूजीसीची मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादीही २०२५ मध्ये बंद झाली, तेव्हा ‘यादीतलं आहे’ हे उत्तरही आता पुरत नाही. लेख खरंच कुणी वाचला का, शंका काढल्या का, हे बघा. एकही प्रश्न न विचारता तुमचा लेख छापणारा तुमचं भलं करत नाहीये.

अभ्यासाचं काय? केटी लागली तर?

सेमिस्टरच्या परीक्षेआधी तीन आठवडे कुणालाही काम दिलं जात नाही. गणपतीत आठ दिवस सगळं बंद, आणि एप्रिल-मेमध्ये ज्यांच्या घरी बाग आहे त्यांना सूट. उरलेल्या दिवसांत आठवड्याचे सहा-सात तास धरा.

गावात नेट नाही, लाइट जाते. पुस्तकं कुठून आणायची?

सर्वोच्च न्यायालयाचे अधिकृत निकाल २०२३ पासून न्यायालयाच्या ई-एससीआर या संकेतस्थळावर फुकट आहेत. कॉलेजच्या वायफायवर असताना उतरवून घ्या, घरी वाचा. जुन्या ए.आय.आर. आणि बॉम्बे लॉ रिपोर्टरसाठी बार रूम. तिथले वकील काका-मावश्या आपल्याला ओळखतात, दुपारी तीननंतर जा, पानाचा फोटो काढू देतात. पावसाळ्यात पुठ्ठ्यांवर बुरशी धरते, पानं एकमेकांना चिकटतात. जोर करून सोडवू नका. अर्धं पान फाटलं तर तो निकाल या तालुक्यातून गेला असं समजा.

चूक छापली गेली तर?

शुद्धिपत्र छापतो, पुढच्या अंकात, पहिल्या पानावर.

हे मी अनुभवाने लिहिते. किनारा नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेवरचा एक लेख माझ्याकडे होता. त्या अधिसूचनेत ग्रामीण भागाचे दोन प्रकार केले आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिथे दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त लोक राहतात, तिथे भरतीरेषेपासूनचा ना-विकास पट्टा ५० मीटरवर आणला. बाकी ग्रामीण किनाऱ्यावर तो २०० मीटरच राहिला. लेखकाने दोन्ही लिहिले होते. पानात बसेना म्हणून मी वाक्य छोटं केलं आणि त्यात लोकसंख्येची अट गेली. छापलं गेलं : ‘ग्रामीण भागात आता ५० मीटर.’

महिन्याभराने गुहागर बाजूच्या एका गृहस्थांचा फोन आला. कुणीतरी त्यांना ते पान दाखवलं होतं. घर भरतीरेषेपासून सव्वाशे मीटरवर, मागे दोन खोल्या पर्यटकांसाठी काढायच्या, कर्जाचा अर्ज भरून तयार. ‘बाय, मग आता काय अडचण नाही ना?’ मी त्यांना थांबायला सांगितलं, चूक आमची आहे हे सांगितलं, आणि परवानगीसाठी कुठे विचारायचं ते सांगितलं. ते रागावले नाहीत. ‘बरं झालं फोन केला,’ एवढंच म्हणाले. त्या रात्री मला झोप लागली नाही. आमचे वाचक फक्त परीक्षा देणारे विद्यार्थी असतात असं मी तोवर धरून चालले होते.

तेव्हापासून नियम आहे : संपादकाने छोटं केलेलं प्रत्येक वाक्य लेखकाकडे परत जातं आणि त्याची लेखी संमती आल्याशिवाय प्रूफ छापखान्यात जात नाही. अंक आठ दिवस उशिरा निघतो. निघू दे.

मंडळात यायचं कसं?

मार्क बघत नाही, मुलाखत नाही. ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी लायब्ररीच्या मागच्या खोलीत दोन तासांची चाचणी असते. दोन पानांचा मजकूर मिळतो, त्यात बारा तळटिपा. काही बरोबर आहेत, काही चुकीच्या आणि एक अशी, जिचं मूळच नाही. त्याच टेबलावर मूळ निकालांचे आणि कायद्यांचे गठ्ठे ठेवलेले असतात. इंग्रजी कच्चं असेल तर मराठी मजकूर मागून घ्या, तोही तयार असतो. मोबाइल बाहेर ठेवायचा, पेन्सिल आपली आणायची, आणि लाइट गेलीच तर खिडकीजवळची बाकं आधी येणाऱ्यांना.